घरच्या वर्कशॉपमध्ये एकसारखे १४४ तुकडे : माप नेमकं कुठे सुटतं?

कडीजोड (धागाकर्ता)

मंडळी, एका बुलडोझरचं चालतं मॉडेल करतोय. गिअरबॉक्सपर्यंत गाडी रडतखडत पोचली, आता अडली आहे साखळीवर. म्हणजे ज्या पट्ट्यावर बुलडोझर चालतो, त्या पट्ट्याच्या आतल्या साखळीवर.

रचना साधीच आहे. एका बाजूच्या साखळीत ३६ कड्या, दर कडीला दोन पट्ट्या, म्हणजे ७२. दोन्ही बाजूंच्या मिळून १४४. पट्टी एमएसची (माइल्ड स्टील), १२ मिमी रुंद, ३ मिमी जाड, ३० मिमी लांब. दोन्ही टोकांना ४ मिमीची छिद्रं आणि त्या छिद्रांमधलं अंतर १८ मिमी. शिवाय ७२ बुश, म्हणजे पोकळ नळ्या (बाहेरून ६, आतून ४, लांबी १०) आणि तितक्याच पिना.

नमुन्याला दहा पट्ट्या केल्या. निळा रंग लावून, स्क्रायबरने रेघा मारून, पंच मारून, ड्रिल करून. दर पट्टीवर जीव ओतला. मोजल्या तर १७.८ पासून १८.३ पर्यंत सगळी व्हरायटी हजर! जोडून टेबलावर ठेवली तर साखळी सरळ राहतच नाही, चंद्रकोरीसारखी एका बाजूला वळते. दोन सांधे तर हलेचनात.

माझ्याकडे छोटा बेंच लेथ (तीन जबड्यांचा चक, चार जबड्यांचा चक, फेसप्लेट), पिलर ड्रिल, व्हाइस, ०.०२चा वर्निअर आणि एक मायक्रोमीटर आहे. मिलिंग मशीन नाही आणि घेणारही नाही, जागाच नाही. दहा तुकड्यांत ही गत, तर १४४ कसे करायचे?

वाचनमात्र

वाचतोय. फोटो टाका की राव, चंद्रकोर बघायचीय.

अर्धासूत

सरळ ड्रॉइंग काढून लेझर कटिंगला द्या. १४४ पट्ट्या एका दिवसात हातात. वेळेला काही मोल आहे की नाही?

जुनाटूलरूम

कडीजोड, तुमचा हात वाईट नाही. पंच मारून ड्रिल करणाऱ्या कुणाचंही माप पाव मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. हिशोब मांडून बघा. रेघ मारताना थोडं जातं, पंच रेघेच्या छेदावर बसवताना थोडं, पंचाच्या खड्ड्यातून ड्रिलचं टोक सरकतं तेव्हा थोडं. आणि हे सगळं प्रत्येक छिद्राला नव्याने. १४४ पट्ट्या म्हणजे २८८ छिद्रं, म्हणजे २८८ वेळा तुम्ही नशीब आजमावणार.

आमच्या टूलरूममध्ये एक वाक्य रोज कानावर पडायचं: माप जॉबवर (म्हणजे करायच्या तुकड्यावर) घेऊ नकोस, जिगमध्ये ठेव. तुम्हाला ड्रिल जिग हवा. एक जाड प्लेट, तिच्यात एक पिन, पिनीपासून १८ मिमीवर एक कडक ड्रिल बुश, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारी नळी. पट्टीचं पहिलं छिद्र पिनीवर अडकवायचं आणि दुसरं बुशमधून पाडायचं. पहिलं छिद्र टोकापासून साडेपाचावर आहे की साडेसहावर, याने साखळीला काही फरक पडत नाही. साखळीला कळतं ते फक्त दोन छिद्रांमधलं अंतर, आणि ते आता तुमच्या हातात राहिलेलं नाही, जिगच्या हातात गेलं.

बुशबद्दल थोडं. बुशची उंची ड्रिलच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट ठेवा, म्हणजे तुमच्यासाठी ६ ते ८ मिमी. बुश पट्टीला चिकटवू नका, खाली २ ते ४ मिमी फट सोडा, नाहीतर कीस बुशमधूनच वर यायला बघतो आणि बुश आतून घासून मोठं करतो. सिल्व्हर स्टीलचं (विझवून कडक होणारं पोलाद) टर्न करा, लालबुंद करून पाण्यात विझवा. नरम बुश पन्नास पट्ट्यांतच भोकाडतं.

कडीजोड

जुनाटूलरूम काका, मनापासून धन्यवाद. पण इथे अंडं आधी की कोंबडी? जिगमधलं १८.०० मी कसं आणू? तेही पंच मारूनच ना?

अर्धासूत, लेझरचा विचार केला होता. पण मग मी नक्की काय केलं, जोडकाम?

जुनाटूलरूम

नाही, जिगला पंच नाही. जुनी पद्धत आहे, बटणांची. दोन छोटी कडक बटणं घ्यायची, दोन्ही अगदी १० मिमी व्यासाची, मधून छिद्र. प्लेटवर अंदाजे जागी एम४चे आटे पाडा आणि बटणं स्क्रूने सैलसर बसवा. बटणाचं छिद्र स्क्रूपेक्षा बरंच मोठं हवं, म्हणजे बटण इकडेतिकडे सरकवता येतं. आता मायक्रोमीटर दोन्ही बटणांच्या बाहेरून लावा आणि हलक्या हाताने टिचक्या मारत मारत माप २८.०० वर आणा. बटणाचा व्यास १०, म्हणजे केंद्रापासून केंद्र १८.००. स्क्रू आवळा, परत मोजा. आवळताना नेहमी हलतं.

मग प्लेट लेथच्या फेसप्लेटवर (जॉब बोल्टने आवळायची सपाट चकती) चढवा. एका बटणाला डायल (बारीक फरक सुईने दाखवणारं मापक) लावून, फिरताना सुई हलेनाशी होईपर्यंत प्लेट सरकवा. बटण काढा, ड्रिल करा, बोअर करा. दुसऱ्या बटणाला तेच. पंचाचा संबंधच येत नाही. मिलिंग मशीन नसताना ०.०१-०.०२ च्या आत येतं, मी स्वतः आणलंय. वेळ लागतो, पण एकदाच.

बारीककट

काकांच्या पद्धतीला नमस्कार, पण मला इथे एक वेगळाच मुद्दा दिसतो. कडीजोडला १८.०० हवंय कशाला?

साखळीला सगळ्या कड्या सारख्या हव्यात. १८.०० असो की १८.१०, सगळ्या तितक्याच असल्या तर साखळी सरळ राहील आणि सांधे हलतील. दोन्ही बाजूंच्या साखळ्या सारख्या लांबीच्या होतील, गाडी एका बाजूला ओढणार नाही. फक्त स्प्रॉकेट (साखळी ओढणारं दातेरी चाक) त्या अंतराला जुळायला हवं, आणि स्प्रॉकेट अजून झालेलं नाही ना? मग आधी साखळी करा, खरं अंतर मोजा, त्यावरून स्प्रॉकेट करा.

अचूक आणि एकसारखं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण घरच्या वर्कशॉपवाले पहिल्यासाठी घाम गाळतो आणि गरज बहुतेक वेळा दुसऱ्याची असते.

जुनाटूलरूम

तत्त्वतः सहमत. पण सवय म्हणून सांगतो, माप चुकीचं असलेला जिग कपाटात ठेवला की तीन वर्षांनी तोच जिग १८चा समजून दुसऱ्या कामाला काढला जातो.

बारीककट

त्यावर उपाय सोपा आहे, जिगवर खरं माप ठोकून ठेवायचं. अक्षरांचे पंच आहेतच.

कानसवाली

मी कागदी हिशोब फार करत नाही, पण एक हातातली गोष्ट सांगते. पट्ट्या आधी कापू नका!

तीन सेंटिमीटरची पट्टी ड्रिलखाली धरणं म्हणजे बोटांशी खेळ. लांब पट्टी तशीच ठेवा, अर्धा मीटर. पहिलं छिद्र पाडा, पिनीवर अडकवा, दुसरं पाडा. मग पट्टी सरकवून दुसरं छिद्र पिनीवर, तिसरं पाडा. असं टोकापर्यंत, दर १८ मिमीला एक छिद्र. हिशोब बघा: पट्टी ३० मिमी लांब, छिद्राबाहेर दोन्हीकडे ६-६. दोन पट्ट्यांना ३६ मिमीचं अंतर मिळतं, म्हणजे मध्ये ६ मिमी उरतात, करवतीला आणि कानशीला पुरेसे. दुसऱ्या-तिसऱ्या छिद्रामधलं अंतर कापण्यातच जातं, ते चुकलं तरी हरकत नाही. अर्ध्या मीटरमध्ये तेरा पट्ट्या आरामात. बारा लांब पट्ट्यांत तुमचं काम झालं.

कापल्यावर दहा-बारा पट्ट्या दोन बोल्टवर ओवा, नट आवळा, आणि टोकांची गोलाई एकदम कानसा. एक-एक पट्टी गोल करत बसलात तर १४४ पट्ट्यांना १४४ चेहरे येतील.

अर्धासूत

हे बेस्ट आहे. लेझरचं माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. बाहेरचा आकार लेझरने आणि छिद्रं जिगवर, असा मधला मार्ग. कारण लेझरने पाडलेल्या छिद्राला थोडा उतार असतो, जिथून किरण आत शिरतो तिथे बारीक टोक राहतं, आणि कडही जरा कडक होते. नंतर रीमर (छिद्र नेमक्या मापाला आणणारं हत्यार) घालायचा म्हटलं तर रीमर बिचारा रडतो.

पण एक विचारू? चार-पाच पट्ट्या एकावर एक ठेवून एकदम ड्रिल का नाही करायच्या? एका फटक्यात पाच.

बारीककट

करता येतं, पण मर्यादेत. ड्रिल खाली जाताना सरळ जातो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो वाकडा व्हायला निमित्तच शोधत असतो. धार थोडी एकांगी असली, दोन पट्ट्यांमध्ये किसाचा कण असला, की खालच्या पट्टीचं छिद्र सरकलं. ४ मिमीच्या ड्रिलला ३ मिमीच्या चार पट्ट्या म्हणजे १२ मिमी, व्यासाच्या तिप्पट खोली, तिथपर्यंत चालेल. दहा रचल्या तर वरची आणि खालची पट्टी एकमेकींना ओळखणार नाहीत. शिवाय रचलेल्या पट्ट्यांना जिगच्या पिनीवर नीट बसवणं हे वेगळं प्रकरण.

माझं मत: जिग असेल तर एकावर एक रचण्याची गरजच उरत नाही. जिगमध्ये एका छिद्राला जितका वेळ लागतो, तितका चार पट्ट्या नीट जुळवून आवळण्यातच जातो.

जुनाटूलरूम

कानसवालींची लांब पट्टीची युक्ती मला टूलरूममध्ये कुणी शिकवली नव्हती. आमच्याकडे हे काम प्रेसवर व्हायचं.

आता ड्रिलकडे वळू. कडीजोड, पिलर ड्रिल किती फेऱ्यांवर चालवता?

कडीजोड

सगळ्यात हळू, सहाशेच्या आसपास. लोखंड आहे म्हणून.

जुनाटूलरूम

तिथेच गडबड. एमएसला हायस्पीड स्टीलच्या ड्रिलसाठी कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरा. फेरे काढायचे तर १०००ला २५ने गुणा, आणि उत्तराला ३.१४ गुणिले व्यासाने भागा. ४ मिमीला जवळपास २००० फेरे येतात. सहाशेवर बारीक ड्रिलला तुम्ही दाबून ढकलता, तो वाकतो, आणि वाकलेला ड्रिल बाजूला जातो. बारीक ड्रिल जोरात फिरवा आणि हात हलका ठेवा. कापायचं तेल लावा, कोरडं नको. रीमर घातलात तर मात्र उलट, याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

छिद्र ४.०० हवं असेल तर ३.८ ड्रिल आणि मग ४चा रीमर. ४च्या ड्रिलने ४चं छिद्र जवळपास कधीच पडत नाही. धारेच्या दोन बाजू थोड्या लहानमोठ्या असल्या तरी ४.१ होतं.

वाचनमात्र

अवांतर: एकसारखे सुटे भाग यंत्रांवर मोठ्या प्रमाणात करण्याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीतलं जहाजांच्या कप्प्यांचं काम. यंत्रांची कल्पना मार्क ब्रुनेलची, ती बनवली हेन्री मॉड्सलीने. १८०८ पर्यंत तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या होत होत्या, आणि पूर्वी ११० कुशल कारागीर करायचे ते काम १० माणसं करत होती. त्यातलं प्रत्येक यंत्र एकच काम करायचं. म्हणजे तुमचा जिगच, फक्त थोडा मोठा.

अर्धासूत

'थोडा' हा शब्द आवडला.

बारीककट

साखळीच्या बुशवर कुणी बोललं नाही, मी बोलतो. ६ मिमीची एमएस कांडी, मधून ४चं छिद्र, १० मिमी लांब. सगळ्यात वाईट सवय म्हणजे एक-एक बुश पूर्ण करत जाणं. टूल बदल, फेसिंग (टोक सपाट) कर, टूल बदल, ड्रिल कर, पार्टिंग (कापून वेगळं) कर, परत पहिलं टूल. दर वेळी सेटिंग बदललं की मापही थोडं बदलतं.

एक काम सगळ्यांचं, मग दुसरं काम सगळ्यांचं. कांडी चकमध्ये धरा, फेस करा, जमेल तितकं खोल ड्रिल करा (छोट्या लेथवर ४चा ड्रिल ३५-४० मिमीच्या पुढे सरळ जाईल यावर मी पैज लावणार नाही), मग पार्टिंग टूलने १०.३चे तुकडे पाडा. एका कांडीतून तीन. सगळे ७२ पाडून झाले की पार्टिंग टूल उतरवा, फेसिंग टूल चढवा, आणि मग सगळ्यांची दुसरी बाजू १०.००वर आणा.

त्यासाठी चकच्या आत अडवणी हवी. एक गोल तुकडा चकमागे स्पिंडलच्या भोकात घट्ट बसवा, त्याला पुढे नरम कांडी लावा, आणि तिचं तोंड त्याच लेथवर फेस करा. बुश आत ढकललं की तिथेच टेकतं. कॅरेजलाही (टूल घेऊन सरकणारा भाग) बेडवर स्टॉप लावा. आता प्रत्येक बुश त्याच जागी टेकणार, टूल त्याच जागी थांबणार. हँडलवरची डायल वाचायचीच नाही. क्रॉस-स्लाइडच्या डायलवर विसंबत असाल तर लक्षात ठेवा, बॅकलॅश (स्क्रूतली ढिलाई) आहे. शून्यावर नेहमी एकाच दिशेने या, पुढे गेलात तर पूर्ण मागे जाऊन परत या.

एक बारीक गोष्ट. तीन जबड्यांच्या चकला चावीची तीन भोकं असतात. नेहमी एकाच भोकातून आवळा, त्यावर खूण करा. वेगवेगळ्या भोकांतून आवळलं की जॉब थोडा वेगळा बसतो. कित्येकांना हे खोटं वाटतं, डायल लावून बघा म्हणावं.

कानसवाली

किंवा लेथला सुट्टी द्या. १० मिमी जाड सिल्व्हर स्टीलची गोल चकती घ्या, मध्ये ६चं छिद्र, विझवून कडक करा. बुश त्यात घाला, जितकं बाहेर येतंय तितकं कानशीने घासा. कानस कडक चकतीवर घसरायला लागली की कळतं, लांबी आली. मी एका संध्याकाळी चाळीस केले होते. फक्त विझवल्यावर चकतीची जाडी परत मोजा, थोडा फरक पडतो, आणि जी येईल तीच तुमची लांबी.

अर्धासूत

एक शंका. घासताना, टर्निंग करताना तुकडा गरम होतो. गरम असताना मोजलं तर माप चुकेल ना? थंड झाल्यावर आखडणार.

बारीककट

आखडतं. किती ते बघू. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. १० मिमीचं बुश ३० अंशांनी तापलं तर वाढ होते ३.६ मायक्रॉन, म्हणजे ०.००३६ मिमी. कडीजोडच्या वर्निअरला ते दिसणारही नाही. हीच गोष्ट २०० मिमीच्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याची असती, तर अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट वाढतं आणि तुमची शंका सोळा आणे खरी ठरली असती. इथे हात भाजणार नाही इतकं थंड होऊ द्या, बास.

कडीजोड

धागा वर काढतोय. तीन आठवडे गेले, सांगण्यासारखं बरंच आहे.

जिग केला. बटणं केली नाहीत (काका, माफ करा), बारीककटचं ऐकलं. प्लेटवर दोन लोखंडी पट्ट्या थोडं अंतर सोडून लावल्या, त्यावर साखळीची पट्टी बसते आणि छिद्राखाली मोकळा चर राहतो. हे कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्या प्रयत्नात खालची बर (छिद्राच्या कडेला उरलेला धारदार काठ) टेकून पट्टी वर उचलली जात होती, म्हणून केलं. एका बाजूला सरळ अडवणी, दुसऱ्या बाजूने पत्र्याची स्प्रिंग. ३.८चं बुश, कडक केलेलं. पिन ३.७२ची.

तीन लांब पट्ट्या केल्या, ३९ तुकडे. मोजले तर १७.९५ ते १८.१०. पंच मारण्यापेक्षा खूप बरं, पण जिग असून ०.१५चा फरक? डोकं धरून बसलो. किसाचे कण शोधले, बुश तपासलं, ड्रिल बदलला.

मग सहज पट्टी पिनीवर बसवून डावी-उजवीकडे हलवली. हलली! छिद्र ३.८७ पडत होतं, पिन ३.७२. मी कधी पट्टी ओढून बसवत होतो, कधी ढकलून. पंधरा शतांशाचा सगळा खेळ तिथेच.

जुनाटूलरूम

बटणांची माफी मिळाली. हा धडा सगळ्यांना एकदा मिळतोच. जिगला अडवणी असते, पण अडवणीकडे ढकलणारा हात नसतो. दोन उपाय. एक, पट्टी नेहमी बुशपासून दूर ओढा, मगच पकडा. चुकून एकदा विसरलात की एक तुकडा गेला. दुसरा आणि खरा उपाय, पिनीला किंचित निमुळती करा आणि खालून स्प्रिंग द्या. मग पिन छिद्रात जिथपर्यंत जाईल तिथे घट्ट बसते, छिद्र ३.८५ असो की ३.९. ढिलाईला जागाच उरत नाही.

कानसवाली

३९चं काय केलंत? टाकले?

कडीजोड

टाकवेना. एक मापकाठी केली: एका प्लेटमध्ये ठरलेल्या अंतरावर दोन पिना, छिद्रापेक्षा ०.०५ने बारीक. पट्टी दोन्ही पिनांवर सहज बसली तर चालेल, नाहीतर बाजूला. ३९ पैकी २२ बसल्या. उरलेल्या १७ आता खिळ्यावर टांगल्या आहेत.

मापकाठीचं एक फारच आवडलं. वर्निअरने दर पट्टी मोजायची तर छिद्राच्या आत जबडे नीट बसत नाहीत, दर वेळी वेगळा आकडा. आता आकडाच नको. बसते की नाही बसत, एवढंच.

बारीककट

आणि मोजायचंच झालं तर छिद्रांत ४च्या दोन पिना घाला, बाहेरून मोजा, ४ वजा करा. आतल्या जबड्यांनी बारीक छिद्र कधी मोजू नये.

अर्धासूत

किती तुकड्यांनी एकदा तपासता? प्रत्येक?

कडीजोड

सुरुवातीला प्रत्येक. मग दर लांब पट्टीतलं पहिलं, मधलं आणि शेवटचं छिद्र. ड्रिलला धार लावली किंवा बदलला की परत पहिल्यापासून.

पण एक कबुली द्यायची आहे. एका रात्री सलग आठ लांब पट्ट्या केल्या. सातवीनंतर हात आपोआप चालत होते, डोकं कुठेतरी भलतीकडेच. एका पट्टीचं शेवटचं, अगदी टोकाजवळचं छिद्र पाडताना जिगची पकड आवळायचीच राहिली. ड्रिलचं टोक खालून बाहेर पडताना पट्टी पकडून वर खेचली आणि फिरवली. हात जवळ नव्हता. मशीन बंद करून झोपायला गेलो.

जुनाटूलरूम

ड्रिल आरपार निघतो तो क्षण सगळ्यात वाईट. एक करा. जिग असा वळवा की पट्टीचा लांब भाग तुमच्या डाव्या हाताला, ड्रिलच्या खांबाला टेकेल असा येईल. पिलर ड्रिल वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे जॉब फिरलाच तर त्याची डावी बाजू तुमच्यापासून लांब, खांबाकडे जाते आणि अडते. उजवीकडे लांब ठेवलात तर तेच टोक तुमच्या पोटाकडे येतं. आणि हातमोजे घालून ड्रिलजवळ जाऊ नका, मोजा अडकला तर हात त्याच्यामागे जातो.

आणि एका बैठकीत चार पट्ट्या. त्याहून जास्त नाही.

कडीजोड

मोजे नाहीत आणि आता चारच.

आजचा ताजा हिशोब. निमुळत्या पिनीनंतरच्या सगळ्या पट्ट्या मापकाठीवर बसतात. एका बाजूची साखळी जोडून ताणली आणि वीस कड्या एकदम मोजल्या: ३६१.४ मिमी. म्हणजे दर कडी १८.०७. जिग १८चा करायला गेलो आणि १८.०७चा झाला, तसंच सही. ३६ कड्यांना अडीच मिलिमीटर जास्त येतात, ते पुढच्या चाकाच्या ताणाच्या स्क्रूत सहज बसतात. स्प्रॉकेट बारा दात्यांचं, त्याचा पिच व्यास (पिनांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा) १८वर ६९.५५ येत होता, १८.०७वर ६९.८२. त्याच मापाने करतोय. जिगवर १८.०७ ठोकून ठेवलंय.

आणि मुख्य म्हणजे साखळी टेबलावर ठेवली तर सरळ राहते. फोटो काढलाय, चंद्रकोरीशेजारी.

कानसवाली

वा! टोकांची गोलाई दोन बोल्टांवरच केलीत ना? एका फोटोत तरी तशीच दिसतेय.

कडीजोड

हो, बारा-बाराचे गठ्ठे. एका गठ्ठ्यात एक पट्टी उलटी ओवली होती, ते गठ्ठा सुटल्यावर कळलं. तरी फरक सापडला नाही, कारण दोन्ही टोकांना ६ मिमी. हे आधी विचार करून केलं असतं तर हुशारी म्हटली असती.

अर्धासूत

पिना कापायला घेतल्या का? ७२ ना?

कडीजोड

७६ कापतोय. चार तरी जमिनीवर पडून कुठल्यातरी मशीनखाली जाणार हे धरूनच.